आधी जमीन, मग बंदी

मद्रास प्रांताच्या कौन्सिलात 1929 साली देवस्थानांच्या कायद्याला एक दुरुस्ती मंजूर झाली. वाचायला अगदी कोरडी, सारा-इनामाच्या भाषेतली. देवळात नाच-गाण्याची सेवा करणाऱ्या बायकांकडे, म्हणजे देवदासींकडे, पिढ्यान्‌पिढ्या इनाम जमिनी होत्या. सेवा चालू आहे तोवर जमीन, सेवा सुटली की जमीन गेली. म्हणजे आईचं वय झालं, पाय चालेनात, की घरातली एक पोर देवाशी लावून द्यायचीच, नाहीतर शेतावर पाणी सोडायचं. धर्म, परंपरा, श्रद्धा हे सगळं असेलच. पण सातबारा हेही त्या प्रथेचं एक मूळ होतं. दुरुस्तीने ते मूळ तोडलं. सेवेचं बंधन काढलं, ठरवून दिलेली रक्कम भरायची, आणि जमीन त्याच बाईकडे राहू द्यायची.

आपल्याकडच्या वाचकाला यात ओळखीचं काहीतरी सापडेल. 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी महार वतनाचं बिल मांडलं होतं. त्याचाही गाभा हाच: ज्याला राबणूक नको त्याला तिच्यातून मोकळं करा, तो पूर्ण सारा भरेल, पण जमीन त्याच्याकडेच राहू द्या. मुंबईतलं बिल पुढच्याच वर्षी मागे घ्यावं लागलं आणि वतनं खालसा व्हायला 1958चा कायदा यावा लागला. मद्रासची दुरुस्ती मात्र पार पडली. दोन्ही बिलं आणणारी माणसं त्या-त्या कौन्सिलात सरकारने नेमलेली होती, मतांवर निवडून आलेली नव्हती. आणि दोघंही ज्यांच्याबद्दल बोलत होते त्यांच्यातूनच आलेली होती. निदान अर्धी तरी. त्या 'अर्धी'बद्दल पुढे सांगतो.

मद्रासची दुरुस्ती आणणारी बाई डॉक्टर होती. मुत्तुलक्ष्मी रेड्डी. त्यांचं नाव निघालं की लोक 1947चा देवदासी कायदा सांगतात, चेन्नईच्या अड्यारचं कॅन्सर हॉस्पिटल सांगतात, आणि 'पहिल्या' गोष्टींची यादी म्हणून दाखवतात. 1929चं ते रुक्ष कलम कोणी सांगत नाही. माझं म्हणणं असं आहे की त्यांच्या साऱ्या राजकारणात सगळ्यात शहाणं काम तेच होतं. पुढच्या काळात त्यांच्याकडून आणि त्यांच्यानंतर आलेल्यांकडून जे चुकलं, ते त्या कलमातला क्रम विसरल्यामुळे चुकलं. आणि तो क्रम महाराष्ट्रानेही 2005 साली विसरला होता.

'पहिल्या' गोष्टींचं मात्र एकदा उरकून टाकू, कारण त्यात घोळ फार आहे. त्या भारतातल्या पहिल्या महिला डॉक्टर असं अधूनमधून छापून येतं, ते खरं नाही. आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियात पदवी मिळाली मार्च 1886मध्ये, त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलींना. आणि मुत्तुलक्ष्मींचा जन्मच 30 जुलै 1886चा. आनंदीबाई आपल्याकडे प्रत्येक पोस्टरवर असतात तशा या बाई तामिळनाडूत सरकारी योजनेच्या नावावर आहेत: गरीब गरोदर बाईला सरकार टप्प्याटप्प्याने मदत देतं ती योजना त्यांच्या नावाची. तामिळ राजकारणात 'डॉक्टर' तसे उदंड. एम. जी. आर. डॉक्टर, करुणानिधी डॉक्टर, जयललिता डॉक्टर. बॅनरवर नावाआधी 'डॉ.' हवंच, विद्यापीठाने सन्मानाने दिलेलं का असेना. टिंडीवनमला खरोखरचा दवाखाना चालवणारे रामदास पुढे वन्नियार जातीचे पुढारी झाले, तो प्रकार निराळा. पण हातात सुरी धरून ऑपरेशन केलेली आणि मग कायदा करायला बसलेली पहिली तामिळ बाई हीच.

पुदुक्कोट्टई हे मुत्तुलक्ष्मींचं गाव, तेव्हा छोटं संस्थान. वडील नारायणस्वामी अय्यर ब्राह्मण, राजाच्या कॉलेजात प्राचार्य. आई चंद्रम्माळ देवदासी परंपरेच्या घरातली. त्या समाजाला आता इसै वेल्लाळर म्हणतात, इसै म्हणजे संगीत. अय्यरांच्या भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकलं. मुलीने घरी अभ्यास करून मॅट्रिक केलं आणि कॉलेजात प्रवेश मागितला, तेव्हा गावात वादळ उठलं. एक तर मुलगी, मुलांच्या कॉलेजात. त्यात आई त्या घरातली. राजे मार्तंड भैरव तोंडैमान यांनी विरोध बाजूला सारून प्रवेश दिला. मग 1907 ते 1912 मद्रास मेडिकल कॉलेज, पदकं, सरकारी प्रसूती रुग्णालयात हाऊस सर्जन. (सिनेमावेड्यांसाठी एक जाता जाता: तामिळ नट जेमिनी गणेशन हे याच नारायणस्वामींचे नातू, म्हणजे बाई त्यांची आत्या. आणि जेमिनींची मुलगी आपल्याला ठाऊक असते, रेखा.)

या बाईच्या घरातच दोन जगं होती, हे विसरून चालत नाही. आईकडचे लोक येत-जात. देवाशी लग्न लावलेल्या बाईला तिथे नित्यसुमंगली म्हणत: देव मरत नाही, म्हणून ती विधवा होत नाही. लग्नघरात नवरीची ताली, म्हणजे मंगळसूत्र, ओवायला तिला मानाने बोलवायचे, आणि त्याच घराच्या ओसरीवर पुरुष तिच्याबद्दल काय बोलायचे ते सांगायला नको. देवाशी लग्न लावण्याच्या विधीला गोव्यात शेंस म्हणत, त्याचंच हे तामिळ रूप, तिकडे त्याला पोट्टु बांधणं म्हणतात. मुलगी सात-आठ वर्षांची असली तरी चाले. मुत्तुलक्ष्मींची आई त्या वाटेवरून बाजूला झाली, म्हणून लेक डॉक्टर झाली. लेकीने ते कधी विसरलं नाही, पण चारचौघांत ते फारसं उगाळलंही नाही. म्हणून मी वर अर्धी म्हटलं.

1926 अखेरीस सरकारने त्यांचं नाव कौन्सिलासाठी पुढे केलं. त्या राजी नव्हत्या. प्रॅक्टिस जोरात होती, इंग्लंडहून स्त्रिया आणि मुलांच्या आजारांचं जादा शिक्षण घेऊन नुकत्याच परतल्या होत्या. सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या सभागृहात बसून पेशंट कोण बघणार? पण बायकांच्या संघटनांनी गळ घातली. त्या वर्षीच्या निवडणुकीत कमलादेवी चट्टोपाध्याय मंगळूरकडून उभ्या राहून थोडक्या मतांनी पडल्या होत्या. एकही बाई सभागृहात नसण्यापेक्षा नेमलेली का होईना, असू दे, असा तो हिशेब. त्या गेल्या, आणि सभागृहाने त्यांना एकमताने उपाध्यक्ष निवडलं.

डॉक्टर सभागृहात गेला की काय होतं? माझा अनुभव रुग्णाच्या नातेवाइकाचा आहे, तेवढाच सांगतो. मिरजेच्या एका दवाखान्यात रात्री दोनच्या सुमाराला माझ्या आईला ऑपरेशनला न्यायचं होतं. नर्सने क्लिपबोर्ड पुढे केला आणि पानाच्या तळाशी बोट ठेवून म्हणाली, "इथे सही करा." मी वाचायला लागलो तर म्हणाली, "वाचत बसू नका, डॉक्टर हात धुऊन थांबलेत." सही केली. आई बरी झाली. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. पोट उघडायचं की नाही यावर रात्री दोन वाजता परिसंवाद कोण भरवतो? तरी आई आठ दिवसांनी शुद्धीत, हुशारीत आल्यावर जे म्हणाली ते डोक्यातून जात नाही: "मला विचारलं का कोणी? मी जागी होते की."

मुत्तुलक्ष्मींच्या भाषणांत आणि लिखाणात तो हात धुऊन उभा राहिलेला डॉक्टर ठिकठिकाणी भेटतो. गुप्तरोगाने सडलेलं शरीर त्यांनी टेबलावर पाहिलं होतं. जन्मतःच आंधळं झालेलं मूल पाहिलं होतं. त्या प्रसूतीच्याच नव्हे, डोळ्यांच्या रुग्णालयातही काम केलेल्या. त्यांच्या मनात देवदासी प्रथा हा धर्माचा प्रश्न नव्हताच, तो आरोग्याचा प्रश्न होता. आणि साथीच्या रोगाला 'तुझं मत काय' असं कोणी विचारत नाही. ही त्यांची ताकद होती. शास्त्रीपंडित ग्रंथ काढून बसले की त्या केसपेपर काढत. एस. सत्यमूर्तींसारखा काँग्रेसचा तडफदार वक्ता परंपरेच्या बाजूने उभा राहिला, तरी बाईंच्या हातातल्या कागदाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मुलगी सात वर्षांची आहे. तिची संमती कसली?

या मुद्द्यावर मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे, आणि कुठलीही आजची अभ्यासू सहानुभूती मला इथून हलवू शकत नाही. अलीकडे देवदासींबद्दल एक नवं लिखाण येतं. त्यात या बायकांना इस्टेट होती, वारसा आईकडून मुलीकडे जायचा, मुलगी दत्तक घेता यायची, लिहिता-वाचता यायचं, हे सगळं येतं, आणि ते खरं आहे. त्या काळी सोवळ्यातल्या घरच्या बाईला यातलं काहीच नव्हतं, तेही खरं. पण त्या इस्टेटीची किंमत घरातली एक पोर होती. तिचं आयुष्य कोणाच्या जेवणाच्या वेळेला आणि कोणाच्या उत्सवाला बांधायचं हे ती कळती व्हायच्या आत ठरायचं. ही किंमत मोठी बाई स्वतःच्या खुशीने देत असेल तर तो तिचा प्रश्न. पोरीच्या नावावर ती कोणी देऊ नये.

पण डॉक्टरांचं बोट केसपेपरवरून पुढे सरकलं, आणि खरा वाद तिथे सुरू होतो.

1927च्या शेवटी त्यांनी पोरी देवाला वाहणं बंद करा असा ठराव आणला, तेव्हा देवदासींनी स्वतः संघटना काढली. पुढाकार बंगळूर नागरत्नम्मांचा. ही बाई काय होती ते थोडं थांबून सांगायला हवं. जन्म 1878चा, गायिका, संस्कृत-तेलुगू-कन्नड जाणणारी. अठराव्या शतकात तंजावरच्या दरबारात मुद्दुपळणी नावाच्या देवदासीने तेलुगूत राधा-कृष्णावर शृंगारकाव्य लिहिलं होतं. ते आधी कोणीतरी सोवळं करून, नको ते गाळून छापलेलं. नागरत्नम्मांनी 1910 साली ते शोधून, गाळलेलं परत घालून छापलं, आणि सरकारने अश्लील म्हणून ते पुस्तक जप्त केलं. तिरुवैयारूला संगीतकार त्यागराजांची समाधी मोडकळीला आली होती, तर स्वतःची कमाई घालून ती बांधली. आज तिथे दर जानेवारीत सगळी कर्नाटक संगीताची दुनिया एकत्र बसून गाते. आणि ज्या उत्सवात आधी बायकांना गायला मनाई होती, तिथे बायकांना गायला बसवलं तेही हिनेच.

या बाईच्या पुढाकाराने सरकारकडे अर्ज गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आम्हाला आणि वेश्यांना एका दावणीला बांधू नका, आमच्यात वाईट चालतं ते आम्हाला ठाऊक आहे, पण कायदा करण्याआधी आम्हाला विचारा. मुत्तुलक्ष्मींनी ते फारसं मनावर घेतलं नाही. त्यांच्या मते हा रोग्याने केलेला औषधाला विरोध होता. दुसऱ्या बाजूला त्यांच्या पाठीशी देवदासी घरातून बाहेर पडलेली मूवलूर रामामिर्तम अम्माळही होती. पुढे ती पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीत होती, आणि तिने गावोगाव जाऊन या प्रथेविरुद्ध भांडणं घेतली. तेव्हा 'सगळ्या देवदासी विरोधात होत्या' असंही कोणी म्हणू नये. समाजातले पुरुषही बंदीच्या बाजूने होते. त्यांची कारणं सगळीच उदात्त नव्हती: घरातली सत्ता आणि इस्टेट बायकांच्या हातात असण्याचा त्यांना जाच होता.

मग 1932. एका मेजवानीत देवदासींचा नाच ठेवला, आणि डॉ. रेड्डींनी वर्तमानपत्रातून झोड उठवली. असा नाच ठेवणाऱ्यांवर बहिष्कार टाका, प्रतिष्ठित माणसांनी तिथे पाऊल ठेवू नये. ई. कृष्ण अय्यर नावाच्या वकिलाने उत्तर दिलं: प्रथा वेगळी, कला वेगळी. हा वकील स्वतः स्त्रीवेश घेऊन तो नाच रंगमंचावर करायचा, म्हणजे बोलण्यापुरता कलाप्रेमी नव्हता. कित्येक आठवडे पत्रापत्री चालली. या वादात मी डॉक्टरबाईंच्या विरुद्ध आहे. ज्या बायका मेजवानीत नाचत होत्या त्या पोरी नव्हत्या, प्रौढ कलावंत होत्या, आणि तो त्यांचा पोटाचा धंदा होता. त्यांच्याशी भांडण काढताना सात वर्षांच्या पोरीचं कारण पुढे करता येत नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त त्याची साखळी कोणी जोडत नाही. सदिर हे त्या नाचाचं जुनं नाव मागे पडलं, भरतनाट्यम हे नाव रूढ झालं. 1935 साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी तो नाच केला, 1936 साली कलाक्षेत्र उभं राहिलं, आणि पुढच्या पिढीत चांगल्या घरच्या मुली अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर नाच, करू लागल्या. त्यांना शिकवणारे नट्टुवनार, म्हणजे नाचाचे गुरू, त्याच जुन्या घरांतले पुरुष. त्या घरांतल्या बायका मात्र दिसेनाशा झाल्या. बालासरस्वती टिकली, ती तिच्या अफाट प्रतिभेवर आणि हट्टावर. बाकीच्यांची नावं किती जणांना सांगता येतील?

मुत्तुलक्ष्मींनी 1930 साली गांधीजींच्या अटकेच्या निषेधार्थ कौन्सिलाचा राजीनामा दिला. पोरी वाहण्यावर बंदी घालणारं त्यांचं बिल पोरकं झालं आणि सतरा वर्षं रखडलं. शेवटी 1947 साली ओमंदूर रामस्वामी रेड्डियार यांच्या सरकारात कायदा झाला. त्याचा मुख्य भाग योग्यच होता: पोर देवाला वाहणं बेकायदा, आणि वाहिलेल्या बाईला कायदेशीर लग्न करता येईल. पण त्यात आणखी एक वाक्य घातलं. देवळाच्या आवारात, देवाच्या मिरवणुकीत किंवा उत्सवात बाईने नाचणं, मग कुंभारती असो वा नसो, बेकायदा. कुंभारती म्हणजे नाचणाऱ्या बाईने देवापुढे ओवाळायची दिव्यांची आरती. कायद्याच्या कागदावर हा शब्द वाचला तेव्हा मला विचित्र वाटलं. पोरीचं रक्षण करायला निघालेला कायदा आरतीच्या दिव्यापर्यंत पोचला होता. 1981पासून चिदंबरमला महाशिवरात्रीला नाट्यांजली उत्सव भरतो. नटराजापुढे देशभरच्या मुली नाचतात, फोटो निघतात, सगळे धन्य होतात. 1947च्या वाक्याने ज्यांना देवळातून बाहेर काढलं त्यांच्या नाती त्यात किती असतील?

आता गोव्याकडे बघा. कलावंत, भाविणी यांची घरं तिथेही मंगेशी, म्हार्दोळ, शांतादुर्गेच्या देवळांभोवती होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच समाजातल्या लोकांनी, राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी, आतून हालचाल सुरू केली आणि गोमंतक मराठा समाज उभा केला. शाळा, लग्नं, नवं नाव. त्यात पुरुषांचाच शब्द चालला हे कबूल. कित्येक बायकांना गाणं लपवावं लागलं हेही कबूल. पण केरीची केसरबाई आणि कुर्डीची मोगूबाई मुंबईत बसून अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकत होत्या आणि गाणं त्यांच्याच गळ्यात राहिलं. कोणी शिष्ट घरची बाई येऊन ते त्यांच्याकडून काढून नेऊ शकली नाही. मुंबईत गाण्याची बाजारपेठ होती, खाँसाहेब होते, रेकॉर्ड कंपन्या होत्या, म्हणून हे जमलं. मद्रासला तेवढी मोकळीक नव्हती असं म्हणता येणार नाही. तिथे नाचाच्या माथ्यावर कायदा आणि बहिष्कार बसला होता, एवढा फरक धरायला हवा. गाण्याला तो बसला नाही, म्हणून एम. एस. सुब्बुलक्ष्मी होऊ शकल्या.

हे सगळं जुनं उकरून काढण्याचं कारण आपल्या राज्यातलं आहे. 2005च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात डान्स बार बंद झाले. तेव्हा मी एका साप्ताहिकात बंदीच्या बाजूने लेख लिहिला होता. त्या लेखाचं कात्रण अजून आहे आणि ते वाचताना माझे कान गरम होतात. पोरींचं शोषण, दारू, उद्ध्वस्त संसार, सगळे शब्द होते. बंदी किती बायकांच्या रोजीवर येणार याचे जे आकडे तेव्हा फिरत होते ते 75 हजारांपर्यंत जात. मी त्या आकड्याला एक ओळही दिली नव्हती. तीन तारे आणि वरच्या हॉटेलांना बंदी लागू नव्हती, तेही माझ्या नजरेतून सुटलं होतं. उच्च न्यायालयाने 2006 साली ती बंदी रद्द केली, 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला आणि कायद्याचा परिणाम उलटाच झाला, कित्येकींना त्यामुळेच वेश्याव्यवसायात जावं लागलं, असं नोंदवलं. मग 2014ची दुरुस्ती, 2016चा नवा कायदा, 2019चा निकाल. सगळ्यांच्या आठवणीत आहे ते तेवढंच, कोर्ट आणि सरकार यांची कुस्ती.

पनवेलला आमच्या ओळखीच्या एका खानावळीत पोळ्या लाटायला एक बाई येत असे. बरीच वर्षं गेल्यावर कळलं की ती आधी बारमध्ये होती. मी माझ्या लेखाचं काही बोललो नाही, धीर झाला नाही. ती लाटता लाटताच बोलली: "बंदी आली तेव्हा खोलीवर पोलीस आले, टीव्हीवाले आले, संस्थेच्या बाया आल्या. कुठली तू, कोणी आणलं, किती मिळतं, सगळं विचारलं. भाडं कधी भरायचंय ते नाही विचारलं कोणी. पाच तारखेला होतं." मग पोळी तव्यावर टाकून म्हणाली, "दादा, जरा सरका, वाफ लागेल."

पाच तारखेचं भाडं म्हणजे 1929चं ते कलम. मुत्तुलक्ष्मींना, निदान त्या एका वर्षी, हे कळलं होतं. आधी शेत हातात दिलं, मग सेवा सोड म्हटलं. शेत हातात असलेली बाई 'सोडते' किंवा 'नाही सोडत' यातलं काहीतरी म्हणू शकते. तिचं उत्तर ऐकण्यासारखं असतं. शेत नसलेल्या बाईला बंदी म्हणजे नुसतं घराबाहेर काढणं. याला विरोध म्हणून लोक सांगतात की जमिनीच्या कलमाने प्रथा बंद झाली नसती, बंदीच लागली असती. शक्य आहे. पोरी वाहणं बंद व्हायला बंदीच हवी होती, मी ते नाकारत नाही. पण क्रम उलटला की काय होतं ते आपण मुंबई, ठाणे, पनवेलला पाहिलं आहे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: जमीन मिळालेल्या बायकांपैकी कित्येकींच्या हातून ती पुढे घरातल्या पुरुषांकडेच गेली असणार. असेल. मग कायद्याचं काम अर्धं राहिलं असं म्हणा आणि पुरं करा. सारा नावावर लावून झाला की तलाठ्याकडे पुन्हा बघायचंच नाही, ही सवय आपल्याकडेही आहे.

त्यांच्या कामातला जो भाग आजही उभा आहे तो कायद्याचा नाही, आणि त्याची सुरुवात पाहिली की डॉक्टरबाईंबद्दलचा माझा राग पुष्कळ ओसरतो. 1930 साली तीन मुली त्यांच्या दारात आल्या. देवदासी घरातल्या. प्रथेतून सुटायचं होतं, शिकायचं होतं. वसतिगृहं त्यांना घेत नव्हती. ब्राह्मण मुलींचं घेईना, ब्राह्मणेतर मुलींचंही घेईना. डॉक्टरबाईंनी त्यांना घरात ठेवून घेतलं. त्यातून अव्वै इल्लम निघालं, अव्वैयार या जुन्या तामिळ कवयित्रीच्या नावाचं. अड्यारला ते अजून चालू आहे. त्या तिघींना कोणी वाचवायला गेलं नव्हतं. त्या चालत आल्या, आणि डॉक्टरबाईंनी दार उघडलं.

कॅन्सर हॉस्पिटलचंही तसंच. धाकटी बहीण कॅन्सरने डोळ्यांदेखत गेली, हाताशी काही औषध नव्हतं. मुंबईत 1941 साली टाटा मेमोरियल झालं होतं, दक्षिणेत तसं काही नव्हतं. सरकारदरबारी खेटे घातले, तर एका मंत्र्याने म्हटलं म्हणतात: कॅन्सरने माणसं मरतातच, त्याला हॉस्पिटल कशाला? ही गोष्ट पुढे तिथल्याच डॉक्टर व्ही. शांता सांगत असत. 1952 साली नेहरूंनी पायाभरणी केली, 1954 साली बारा खाटांवर काम सुरू झालं. बाईंचे चिरंजीव डॉ. कृष्णमूर्ती आणि डॉ. शांता यांनी ते वाढवलं. गरिबाकडे पैसे मागायचे नाहीत हा दंडक आधीपासूनचा. तिथे मला कोणी 'रुग्णाला विचारलं का' असा प्रश्न करायला लावत नाही. कॅन्सरच्या रुग्णाला बरं व्हायचं असतं, याबद्दल दोन मतं नसतात.

1914 साली डॉ. सुंदर रेड्डींशी लग्नाला होकार देण्याआधी मुत्तुलक्ष्मींनी त्यांना दोन अटी घातल्या होत्या: मला बरोबरीने वागवायचं, आणि माझ्या मनाविरुद्ध काही करायचं नाही. सुंदर रेड्डी कबूल झाले, मगच लग्न झालं, 1872च्या कायद्याखाली. त्यांनी स्वतःच हे लिहून ठेवलं आहे, अभिमानाने.

देवदासींच्या संघटनेच्या अर्जातही एक अट होती. आम्हाला विचारल्याशिवाय कायदा करू नका, अशी. त्याखाली मागणी होती शिक्षणाची. धर्माचं, साहित्याचं आणि कलेचं.